‘इन्शुरन्स चालू आहे’ : एका जुन्या वॅगन-आरचं प्रकरण

चिंचवडच्या मालकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘इन्शुरन्स चालू आहे, ती काळजी सोडा.’ त्यांची जुनी वॅगन-आर घ्यायला निघालेल्या माझ्या मेव्हण्याने ती लगेच सोडली. गाडी कुठल्या दिवशी आणायची, गणपतीला पाटापासून मंडपापर्यंत काय काय डिकीत मावेल, इथपर्यंत त्याचं ठरून झालं होतं. मला फोन आला तो गाडीसाठी नव्हेच, चिंचवडला सोबत याल का म्हणून. ‘दाजी, तुम्ही फक्त इंजिनचा आवाज ऐका.’

मला इंजिनचं काही कळत नाही. मी कराडात विम्याची कामं करतो, त्यामुळे मी आवाज ऐकला नाही, कागद मागितले. रविवार होता, १७ ऑगस्ट २०२५. गणपती २७ तारखेला, म्हणजे हातात दहा दिवस.

गाडी म्हणाल तर चांगली होती. १,१९७ सीसीची पेट्रोल वॅगन-आर, २०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला घेतलेली. पुढच्या वर्षी मालकांनी बाहेरून सीएनजी किट बसवून आरसी बुकावर नोंद करून घेतली. मेव्हणा मल्हारपेठेला शाळेत शिकवतो. कराडहून रोज जा-ये, म्हणून त्याचा जीव किटवरच होता. सौदा ४ लाख ८५ हजारांवर आला.

मालकांनी मोबाइल पुढे केला. एम-परिवहन अॅपवर इन्शुरन्सच्या ओळीत तारीख होती ४ ऑक्टोबर २०२५. ‘बघा, चालू आहे.’ ते खोटं बोलत नव्हते, हे मी आधीच सांगतो. अॅपवरची तारीख खरी होती. रस्त्यात हवालदाराने अडवलं असतं तर त्यानेही तीच बघून गाडी सोडली असती.

कागदाची मूळ प्रत मागितल्यावर मात्र वरच्या कोपऱ्यात एका तारखेऐवजी दोन दिसल्या. ‘लायबिलिटी : ५ ऑक्टोबर २०२२ ते ४ ऑक्टोबर २०२५.’ त्याखाली ‘ओन डॅमेज : ५ ऑक्टोबर २०२२ ते ४ ऑक्टोबर २०२३.’ नवीन गाडीला ही जोडगोळी असतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी विमा, म्हणजे कागदावरची ‘लायबिलिटी’, आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा भाग, एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला आम्ही ओडी म्हणतो, तो बहुतेक लोक एका वर्षाचा घेतात आणि दरवर्षी वेगळा वाढवतात. मालकांनी २०२३ मध्ये वाढवला. २०२४ मध्ये त्यांच्या घरात आजारपण होतं, मेसेज आले, राहून गेलं. म्हणजे दहा महिने ही गाडी पुण्याच्या रस्त्यांवर अशी फिरत होती की ती जळाली, चोरीला गेली, खांबावर आदळली तरी एक रुपया मिळाला नसता. आणि कायद्याने तिचा विमा ‘चालू’ होता.

या प्रकरणाचा सगळा पेच इथे आहे, म्हणून जरा थांबतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १४६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा हवा. तो नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड चार हजार. बस, कायद्याची सक्ती प्रामुख्याने एवढीच. तुमच्या गाडीचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला काळजी आहे ती तुमच्या गाडीखाली येणाऱ्या माणसाची. त्या माणसाचा मृत्यू झाला, तो अपंग झाला तर भरपाई न्यायाधिकरण ठरवेल तेवढी, तिला वरची मर्यादा नाही. त्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. मला हा कायदा आवडतो. पण लोक त्याला आपला विमा समजतात, ते चुकतं.

मेव्हण्याने तिथेच विचारलं, ‘मग ४ ऑक्टोबरपर्यंत थर्ड पार्टी आहे ना? तोवर चालवू, मग बघू.’

कायद्याच्या भाषेत त्याचं बरोबर होतं. कलम १५७ म्हणतं की गाडी विकली की तिचा विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, आणि नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. पण हे ‘धरलं जाणं’ थर्ड पार्टीपुरतंच. कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं : गाडी नावावर झाली, पॉलिसी झाली नाही, मध्ये अपघात झाला, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा गेला. इथे तर ओडी नव्हतंच, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला होता म्हणा.

राहिली घरची माणसं. मेव्हणा, त्याची बायको, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई मागच्या सीटवर. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस सुरक्षित असतो, पण गाडीत फुकट बसलेल्या आपल्याच माणसांची भरपाई कंपनीवर टाकता येत नाही. थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीतले प्रवासी धरले जातात, हे बालकृष्णन खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मी हे सासूबाईंचं नाव घेऊनच सांगितलं. त्यानंतर मेव्हणा ‘मग बघू’ म्हणाला नाही.

चहा होईपर्यंत त्याने मोबाइलवरून एक कोटेशन काढलंही. ७ हजार ३३५ रुपये. ‘दाजी, फुल इन्शुरन्स आहे, आणि स्वस्त.’ माझ्या धंद्यात या वाक्यानंतर चष्मा लावायचा असतो. त्याच्या मोबाइलवरचा तो पडदा मी ओळीओळीने वाचला.

पहिली ओळ, नो क्लेम बोनस २५ टक्के. ‘हे कुणी टाकलं?’ ‘त्यांनी विचारलं मागच्या वर्षी क्लेम केला का. मी नाही म्हटलं. खरंच केला नाही ना त्यांनी.’ इथे बरेच जण फसतात. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. चिंचवडच्या मालकांनी क्लेम केला नाही, त्याचं बक्षीस मेव्हण्याला मिळत नाही. शिवाय ओडी संपून नव्वद दिवस उलटले की मालकांचाही बोनस बुडतो, आणि इथे दहा महिने झाले होते. चुकीचा बोनस सांगून घेतलेली पॉलिसी निघते छान, पैसेही वाचतात. पुढे क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करते, आणि तेव्हा ओडीचा दावा अडकतो तो अडकतोच.

दुसरी ओळ, आयडीव्ही ३ लाख ६० हजार. गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर मिळणारी रक्कम ही. पडद्यावर एक पट्टी होती, ती डावीकडे सरकवली की हप्ता कमी. त्याने सरकवली होती. या गाडीची यादीतली किंमत साडेसहा लाख धरली, तर दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणजे ४ लाख ५५ हजार. ४ ऑक्टोबरनंतर पॉलिसी घेतली असती तर गाडी चौथ्या वर्षात गेली असती, घसारा ४० टक्के, आयडीव्ही ३ लाख ९० हजार. सात आठवड्यांनी पासष्ट हजारांचा फरक. मेव्हणा गणिताचा मास्तर आहे, हे त्याला माझ्या आधी कळलं.

तिसरी ओळ बारीक अक्षरात होती : दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान सहा हजार रुपयांपर्यंत मर्यादित. यामुळे हप्त्यात शंभर रुपये वाचतात. साडेसात लाखांचं सहा हजार करून शंभर रुपये! उभ्या रिक्षाचा पुढचा पत्रा बदलायलाही सहा हजार पुरत नाहीत.

चौथी ओळ नव्हतीच. इंधन ‘पेट्रोल’ लिहिलेलं, सीएनजी किटचा उल्लेख नाही. किट आरसीवर आहे पण पॉलिसीत नाही, ही फार सापडणारी गोष्ट. बाहेरून बसवलेल्या किटसाठी ओडीत किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीत साठ रुपये जादा भरावे लागतात. किटची किंमत ३५ हजार धरली तर ओडीत १,४०० रुपये. एवढ्यासाठी आग लागल्यावर नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरशी वाद घालायची पाळी का आणायची?

आणि पाचवं, मालक-चालकाचा अपघात विमा. पंधरा लाखांचा. कायद्याच्या चौकटीत गाडी ज्याच्या नावावर, त्याला तो घ्यावा लागतो. कुठेतरी आधीच असेल तर दुसरा घ्यावा लागत नाही. मेव्हण्याने ‘आधीच आहे’ वर खूण केली होती, कारण दुचाकीबरोबर घेतला होता. इथे मीही चुकलो, तेही लिहितो. मी मान हलवली आणि पुढे गेलो. दोन दिवसांनी सहज त्याच्या दुचाकीचा कागद बघितला. दुचाकी ऑगस्ट २०२३ ची, थर्ड पार्टी पाच वर्षांची, २०२८ पर्यंत. आणि अपघात विमा? एक वर्षाचा. ऑगस्ट २०२४ ला संपलेला. वॅगन-आरमध्ये ज्या खड्ड्याकडे मी बोट दाखवत होतो, त्याच खड्ड्यात दुचाकीच्या बाजूने आम्ही दोघे उभे होतो.

म्हणजे त्या ७ हजार ३३५ रुपयांत थर्ड पार्टीची कायद्याची अट पूर्ण होत होती, आणि बाकी जवळजवळ काहीच धड होत नव्हतं.

आता पर्याय. पहिला, मालकांची थर्ड पार्टी मेव्हण्याच्या नावावर करून घ्यायची, आणि ओडी स्वतंत्र घ्यायचं. २०१९ च्या सप्टेंबरपासून ओडी सुटं मिळतं, थर्ड पार्टी चालू असली की झालं. दुसरा, नव्या मालकाच्या नावाने पहिल्या दिवसापासून नवी एक वर्षाची पॅकेज पॉलिसी. दुसऱ्यात उरलेल्या सहा आठवड्यांची थर्ड पार्टी दोनदा भरली जाते. त्या वेळचा वर्षाचा दर या सीसीच्या गटाला ३,४१६ रुपये होता, म्हणजे साधारण चारशे रुपये पाण्यात. मेव्हणा चारशे रुपयांवर अडला. अर्धा तास अडला.

मी पॅकेजवर ठाम राहिलो, आणि कारण चिंचवडच्या मालकांच्या कागदावरच होतं. ओडीची एक तारीख, थर्ड पार्टीची दुसरी. ज्या घरात दोन तारखा असतात, तिथे एक विसरली जाते, आणि अॅपवर दुसरी बघून माणूस निवांत राहतो. चारशे रुपयांत एकच तारीख मिळत असेल तर घ्यावी.

खरी अडचण निवडीत नव्हती, वेळेत होती. आरसीवर नाव मालकांचं आणि पॉलिसीवर मेव्हण्याचं, अशी पॉलिसी कंपनी देत नाही. दिली तरी नावांचा मेळ नसल्याने क्लेमला भांडण. आरसी नावावर व्हायला दिवस लागणार, आणि गणपती थांबणार नाहीत. मी ज्या कंपनीचं काम करतो तिथे गाडी नावावर करण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आणि आरटीओच्या फीची पावती दाखवली की नव्या मालकाच्या नावाने पॉलिसी मिळते, आरसी आल्यावर तिची प्रत जोडायची. म्हणून ठरवलं : पावती निघेपर्यंत गाडी चिंचवडच्याच पार्किंगमध्ये. पूर्ण पैसेही तेव्हाच.

मालकांना हे पटेना. आम्ही गाडी लगेच न्यावी असं त्यांना हवं होतं, त्यांची नवी गाडी येणार होती. मग मी त्यांना नवीन कुमार खटला सांगितला. २०१८ चा निकाल : गाडी एकाने विकली, ती पुढे आणखी दोन-तीन हातांत गेली, आरटीओत नाव मात्र पहिल्याचंच राहिलं, आणि अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदणीवरच्या मालकावर ठेवली. ‘म्हणजे यांनी कुणाला उडवलं तर मी?’ त्यांनी मेव्हण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. शुक्रवारी २२ तारखेला दोन्ही फॉर्म आणि फीची पावती हातात होती. बँकेचं कर्ज फिटलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता. तो उतरवायचे कागदही त्याच फेरीत दिले, नाहीतर टोटल लॉसचे, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यावर मिळणारे, पैसे आधी बँकेच्या नावाने निघतात.

ओडी खंडित झालेल्या गाडीची तपासणी होते. शनिवारी सकाळी लिंक आली, मालकांच्या मुलाने पार्किंगमध्ये गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. चारही कोपरे, चॅसिस नंबर, मीटर, किटची टाकी. दुपारी अहवाल आला : मागच्या बंपरला ओरखडा, पुढच्या काचेवर डावीकडे टिचका. काच पॉलिसीतून वगळली. तो टिचका आम्हाला दोघांनाही रविवारी दिसला नव्हता, वायपरच्या पात्याआड होता. मेव्हण्याने त्यावर मालकांकडून चार हजार कमी करून घेतले. चारशेचा हिशेब तिथे मिटला असं तो अजून सांगतो.

हिशेब असा झाला. ओडी, किटसह आणि कंपनीची सूट जाऊन, ५,२००. झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांचा घसारा न कापण्याची सोय, १,९००. ते घेतलं कारण त्याशिवाय बंपरसारखे प्लास्टिकचे, रबराचे भाग, बॅटरी यांचे अर्धे पैसे आपल्याच खिशातून जातात, आणि मल्हारपेठच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून चालवायचं असतं. थर्ड पार्टी ३,४१६ आणि किटचे ६०. मालक-चालक अपघात विमा ३२५. एकूण १०,९०१, त्यावर १८ टक्के जीएसटी, १२,८६३ रुपये. यातला कायद्याने सक्तीचा भाग, थर्ड पार्टी आणि अपघात विमा कर धरून, साडेचार हजारांच्या आत. बाकी सगळं आमच्या मर्जीचं होतं. रोडसाइड, चावी हरवल्याचं, सामान चोरीचं वगैरे मी काढून टाकलं. त्याला महामार्गावर बंद पडल्यावर बोलवायला मी आहेच, हे तो गृहीत धरतो.

शनिवारी संध्याकाळी सहा-चाळीसला पॉलिसी मेलवर आली. नाव, चॅसिस नंबर, इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’, सुरू होण्याची वेळ, मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख, बोनस शून्य. हे सहा मुद्दे मी बोट ठेवून वाचले. जुन्या कंपनीलाही थर्ड पार्टीच्या नावबदलाचा मेल त्याच दिवशी पोच घेऊन टाकला, चौदा दिवसांची अट पाळलेली बरी. रविवारी पहाटे गाडी निघाली. खंबाटकीला पाऊस होता, मेव्हणा चाळीसच्या वर गेला नाही, आणि मागच्या ट्रकवाल्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल ते काचा बंद असल्यामुळे कळलं नाही.

मालकांची बाजूही थोडी सांगायला हवी. २०२४ मध्ये त्यांनी ओडी वाढवलं असतं, तर बोनस २५ टक्क्यांवर गेला असता, आणि गाडी विकताना त्याचं पत्र घेऊन नव्या गाडीच्या ओडीत तो वापरता आला असता. ते पत्र तीन वर्षं चालतं. शोरूममधून फोन करून त्यांनी मला विचारलं, इथूनच विमा घ्यावा लागेल म्हणतात. मी सांगितलं, तशी सक्ती डीलरला करता येत नाही, दोन बाहेरची कोटेशनं समोर ठेवा. ठेवली. शोरूमचाच आकडा खाली आला आणि तिथूनच घेतला. माझं कमिशन गेलं, पण ठीक आहे.

आरसी सप्टेंबरात आली, तिची प्रत पॉलिसीला जोडली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिंचवडहून पुन्हा फोन : ‘तुमच्या गाडीचं रिन्यूअल करा म्हणून मला मेसेज येतायत.’ जुन्या कंपनीकडे अजून त्यांचाच नंबर होता. नव्या पॉलिसीत मोबाइल नंबर भरताना मी मेव्हण्याचा टाकलेला नाही. त्याच्या बायकोचा टाकलाय. त्या घरात मेसेज तीच वाचते.